यंत्रांच्या मैफलीचे चित्रीकरण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एका इलेक्ट्रॉनिक बँडबरोबर त्यांचा संपूर्ण दौरा फिरून त्यावर चित्रपट करण्याची संधी तुला मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. कॅमेरे किती घ्यावेत, ड्रोन लागेल का, कोणत्या लेन्स भाड्याने आणाव्यात, असे तू विचारले आहेस. परंतु त्याआधी एका प्रश्नाकडे तुझे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते, कारण त्याचे उत्तर सापडल्याशिवाय कॅमेऱ्यांची संख्या ठरवण्याला काही अर्थ नाही. ज्या मैफलीतील बरेचसे संगीत आधीच घडवून यंत्रात भरलेले असते, त्या मैफलीत रंगमंचावर नेमके काय घडत असते?

तबलजीचे चित्रीकरण करताना हा प्रश्न पडत नाही. बोट शाईवर पडते, नाद उमटतो आणि कॅमेऱ्याला कारण व परिणाम एकाच चौकटीत मिळतात. सॅम्पलरपुढे, म्हणजे आधी मुद्रित केलेले ध्वनी पट्टी दाबताच वाजवणाऱ्या यंत्रापुढे, उभा असलेला वादक मात्र एक पट्टी दाबतो आणि तिच्यातून कधी समूहगानाचा स्वर निघतो, तर कधी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. हात आणि ध्वनी यांचे नाते पाहणाऱ्याला डोळ्यांनी जुळवता येत नाही. बहुतेक दिग्दर्शक ही अडचण झाकण्यासाठी दर दोन सेकंदांना कट मारतात आणि प्रकाशाच्या झोतांवर भागवून नेतात. तू तसे करू नयेस, अशी माझी तळमळीची इच्छा आहे, आणि म्हणूनच ‘१०१’ हा चित्रपट तू वही-पेन घेऊन पाहावास असे मी सुचवतो.

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या बॅसिल्डन या गावातून पुढे आलेल्या डिपेश मोड या बँडच्या १९८७-८८ च्या दौऱ्यावरचा हा चित्रपट १९८९ मध्ये प्रदर्शित झाला. दौऱ्याचा शेवटचा, म्हणजे एकशे एकावा कार्यक्रम १८ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील रोझ बोल या फुटबॉलच्या प्रचंड मैदानात झाला आणि त्याला साठ हजारांवर श्रोते आले. मंचावर ढोल वाजवणारा कोणी नव्हता. तालाचा मोठा भाग चुंबकीय टेपवरून येत होता. मागच्या चौथऱ्यांवर मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि अ‍ॅलन वाइल्डर कीबोर्डांपाशी उभे राहत आणि पुढचा सगळा मोकळा मंच एकटा गायक डेव्ह गहान सांभाळत असे. एवढ्या मोठ्या मैदानासाठी ही दृश्यसामग्री किती तुटपुंजी आहे, याचा विचार कर.

डी. ए. पेनिबेकर, ख्रिस हेजेडस आणि डेव्हिड डॉकिन्स या तिघांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. पेनिबेकर शिक्षणाने अभियंते होते आणि खांद्यावर घेऊन फिरता येईल असा, ध्वनीशी जुळलेला कॅमेरा घडवण्यात १९६० च्या सुमारास त्यांचा वाटा होता. निवेदन नाही, मांडून बसवलेली मुलाखत नाही, जे घडते त्याच्या जवळ राहायचे, ही त्यांची पद्धत होती. त्या पद्धतीने त्यांनी यंत्रांचा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. चित्रपटात एके ठिकाणी वाइल्डर आपला कीबोर्ड उघडपणे समजावून दाखवतात. एका पट्टीवर एक ध्वनी, तिच्या शेजारच्या पट्टीवर त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेला दुसरा ध्वनी, आणि गाण्याच्या कोणत्या क्षणी कोणती पट्टी दाबायची हे सगळे डोक्यात ठेवावे लागते. हे दृश्य लहान आहे, पण त्यानंतर मंचावरचा प्रत्येक हात आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. स्वर काढण्याचे कौशल्य तिथे नाही. योग्य क्षणी योग्य जागी असण्याचे आहे, आणि चूक झाली तर ती साठ हजार लोकांना ऐकू जाणार आहे. यंत्र लपवल्याने वादक मोठा होत नाही, उलट यंत्र समजले की त्याचे काम दिसू लागते. तुझ्या बँडमधील प्रत्येकाकडून त्याच्या उपकरणांची अशी मांडणी समजून घे आणि ती कार्यक्रमाच्या आधी, शांतपणे, एकाच लांब शॉटमध्ये चित्रित कर. माझ्या मते तुझ्या संपूर्ण चित्रपटाचा पाया तिथे घातला जाईल.

दुसरी गोष्ट श्रोत्यांची. न्यूयॉर्क परिसरातील काही तरुण चाहत्यांना एका स्पर्धेतून निवडून बसने देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोझ बोलला नेण्यात आले, आणि चित्रपटाचा मोठा हिस्सा त्या बसमध्ये घडतो. तो भाग काही ठिकाणी रेंगाळतो, हे मी मान्य करतो. पण ज्या मंचावर पाहण्यासारखे थोडे आहे, तिथे घटना श्रोत्यांच्या अंगात घडते, हे त्या दिग्दर्शकांनी अचूक ओळखले होते. ‘नेव्हर लेट मी डाऊन अगेन’ या गाण्याच्या शेवटी गहान दोन्ही हात उंचावून डोलवू लागतो आणि संपूर्ण मैदान त्याच्याबरोबर डोलते. ताल टेपवरचा असेल, पण तो प्रतिसाद कोणी आधी मुद्रित करून ठेवलेला नाही. म्हणून तुझा एक कॅमेरा कार्यक्रमभर मंचाकडे पाठ करून असला पाहिजे.

पैशांची दृश्येही टाळू नकोस. ‘१०१’ मध्ये त्या एका रात्रीचे उत्पन्न, तेरा लाख डॉलरांहून अधिक, पडद्यामागे मोजून सांगितले जाते, आणि त्याच चित्रपटात हा बँड व्यापारातील हावरेपणावरचे स्वतःचे गाणे हजारो कंठांकडून गाऊन घेतो. दिग्दर्शक त्यावर एक शब्दही बोलत नाहीत. कलावंतांनी ही दृश्ये राहू दिली, हा त्यांचा मोठेपणा मला वाटतो. तुझ्या बँडशी याविषयी दौरा सुरू होण्यापूर्वीच बोलून घे. नंतर परवानगी मिळणे कठीण जाते.

आता संकलनातील एका मोहाविषयी. यंत्राच्या क्लिकवर, म्हणजे ठरावीक गतीच्या टिकटिकीवर, चालणाऱ्या गाण्याची लय रोज तंतोतंत तीच असते, त्यामुळे नाशिकचा शॉट नागपूरच्या ध्वनीवर बिनबोभाट बसतो. जिवंत तबल्याच्या मैफलीत हे अशक्यच. क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या २००५ मधील ‘मिनिमम-मॅक्झिमम’ या मैफलपटात वेगवेगळ्या शहरांतील कार्यक्रमांचे चित्रीकरण एकत्र आणलेले आहे, आणि तिथे ते शोभून दिसते, कारण चार माणसांनी चार मेजांमागे जवळजवळ निश्चल उभे राहणे हीच त्यांची भूमिका आहे. एका गाण्यात तर मंचावर माणसांऐवजी त्यांचे यंत्रमानव येतात. तुझा गायक मात्र घाम गाळणारा आहे. नागपूरला तो थकलेला असेल आणि तू त्याच्या चेहऱ्यावर नाशिकचा उत्साह चिकटवलास, तर लय जुळेल, पण माणूस खोटा पडेल. एक गाणे एकाच रात्रीचे ठेव. मग त्यातले दोन शॉट हलले तरी चालतील.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. कन्सोलवरून, म्हणजे मंचावरचे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या फलकावरून, मिळणाऱ्या ध्वनीत श्रोते जवळजवळ नसतात, म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्वतंत्र मायक्रोफोन लाव. मंचापासून ३४ मीटरवरच्या मायक्रोफोनपर्यंत आवाज पोहोचायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने अडीच चौकटी. इलेक्ट्रॉनिक ठोक्याची धार इतकी तीक्ष्ण असते की हा फरक न सुधारल्यास प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. एलईडीच्या पडद्यावर कॅमेऱ्यात पट्टे किंवा जाळी उमटते. शटरची, म्हणजे प्रत्येक चौकटीवर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा याची, चाचणी कार्यक्रमाआधीच्या साउंडचेकच्या वेळीच घे. कॅमेरे चार पुरेत, ड्रोन नको. ‘१०१’ सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाला आणि त्या फिल्मचे ४०० फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपते. त्यामुळे कॅमेरा केव्हा सुरू करायचा याचा निर्णय तिथल्या तिथे, कान देऊन घ्यावा लागत असे. तुझ्या कार्डमध्ये तासन्‌तास मावतील, तरीही प्रत्येक कॅमेरामनला गाण्यांचा क्रम आणि प्रत्येक गाण्यातील एकच जबाबदारी लिहून दे.

पहिल्या गावचा कार्यक्रम झाला की कोणत्याही एका गाण्याचे चारही कॅमेऱ्यांचे न कापलेले चित्रीकरण आणि श्रोत्यांच्या मायक्रोफोनचा ट्रॅक मला पाठव. रंगसंस्कार करू नकोस, कटही मारू नकोस. ते पाहून कॅमेऱ्यांच्या जागा बदलायच्या की नाही, हे दुसऱ्या गावाच्या आधी आपण फोनवर ठरवू.

तुझा स्नेहांकित,
एक जुना संकलक