बायकांना वापरावीशी वाटेल अशी एचआयव्ही-प्रतिबंधक योनी-जेल कशी बनवावी?

तुमचा एम.फार्म.चा प्रोजेक्ट आहे आणि ही जेल 'युजर फ्रेंडली' कशी करायची असं विचारलंयत. त्यातच सहज एक वाक्य टाकलंय, 'आधीचे बहुतेक प्रयोग बायकांनी नीट वापर न केल्यामुळे फसले.' प्रश्नाकडे नंतर येते, आधी हे वाक्य.

नॉनॉक्सिनॉल-९ या शुक्राणुनाशकाची जेल बायकांनी भरपूर वापरली, म्हणून तर कळलं की जास्त वापरणाऱ्यांना लागण उलट जास्त होते. २००० साली डर्बनच्या परिषदेत ते जाहीर झालं. सेल्युलोज सल्फेटच्या जेलचा प्रयोग २००७ मध्ये मधेच थांबवावा लागला. प्रो-२००० या जेलचा निकाल २००९ ला आला, उपयोग शून्य. औषधच कुचकामी निघालं, त्यात बायकांनी काय घोडं मारलं?

हे वाक्य मला झोंबलं, कारण मी ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून बरीच वर्षं ऐकलंय. कळव्याकडच्या एका वस्तीत मी समुपदेशक होते. तिथला जेलचा अभ्यास नुसत्या पसंतीचा होता. औषध नव्हतंच, साधी जेली, प्लॅस्टिकच्या अ‍ॅप्लिकेटरमध्ये भरलेली. दुपारी पुरुष कामावर गेले की बालवाडीच्या खोलीत बायका जमायच्या. त्यांनी जेली तळहातावर घेतली, हुंगली, बोटांत चोळून पाहिली. चिकट नाही, वास नाही, बरी आहे म्हणाल्या. फॉर्मवर 'आवडली'च्या रकान्यात खुणाच खुणा. मग मागे बसलेली एक जण, लातूरकडची, बिगारीकाम करणारी, अ‍ॅप्लिकेटर हातात फिरवत म्हणाली, "ताई, वापरून झालं की हे टाकायचं कुठं?"

कागदात गुंडाळून कचऱ्यात, मी म्हटलं.

"कचराकुंडी संडासापाशी हाय. पोरं तितंच असत्यात. उचलून रंगपंचमी खेळतील की हिनं."

खोलीभर हशा पिकला आणि तिथून पुढे खरं बोलणं सुरू झालं. रात्री लावायची कुठे? घर एका खोलीचं, मोरीला नुसता पडदा, पडद्याला लागून सासूचं अंथरूण. बाहेर संडासला जायचं तर कडी वाजली की सासू जागी. लावली तर सकाळी परकराला ओल. एकीला आधीच अंगावर पांढरं जात होतं. ती म्हणाली, यात ही भर पडली तर नवरा म्हणेल कुठून रोग आणलास, आणि सासू म्हणेल म्हणूनच पोर राहत नाही. दुसरीने विचारलं, हिच्याने दिवस राहायचे थांबतात का? नाही म्हटल्यावर काहींचे चेहरे पडले, काहींचे खुलले. एकाच खोलीत, एकाच वाक्यावर!

ते वाक्य ज्यांच्या तोंडून ऐकलं ते आमचे सर हुशार माणूस, त्याबद्दल वाद नाही. मी मसुद्यात मोरी आणि कचराकुंडीचा परिच्छेद घातला, त्यांनी त्यावर लाल पेनने काट मारली. "हे प्रॉडक्टबद्दल नाही, त्यांच्या घराबद्दल आहे." अहवालात गेलं, बहुसंख्य महिलांची पसंती. मी तेव्हाही भांडले होते आणि आजही विचारते, घर वगळून ही वस्तू वापरायची कुठे, प्रयोगशाळेत?

वापर खरोखरच कमी पडल्याचं उदाहरणही आहे. २०१३ मध्ये 'व्हॉइस' प्रयोगाचे निकाल आले. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या पाच हजारांवर बायका, रोज टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाची जेल किंवा गोळी. बायकांचं सांगणं आणि परत आलेला न वापरलेला माल धरला तर वापर ९० टक्क्यांच्या आसपास. रक्त तपासलं तेव्हा जेलच्या गटात जेमतेम २५ टक्के नमुन्यांत औषध सापडलं. पुढे रक्ताचे निकाल समोर ठेवून त्यांच्यातल्या काही जणींना विचारलं, तेव्हा त्या मोकळ्या झाल्या. दुष्परिणामांची भीती होती, शिवाय औषध एचआयव्हीवाल्यांचं, कुणी पाहिलं तर मलाच झालाय म्हणतील. मी ती बातमी सरांना पाठवली. उत्तर आलं, 'तिकडची परिस्थिती वेगळी.' असेलही. तिकडे मोरीला दार असेल.

आता तुमचं काम. टेनोफोविर जेलच्या एका अ‍ॅप्लिकेटरमध्ये ४ मिलिलिटर माल असायचा. तो गळणारच. मात्रा कमी करा, जमलं तर आत विरघळणारी फिल्म किंवा गोळी करा, म्हणजे टाकायला काही उरत नाही. ग्लिसरीन हात आखडून घाला. ऑस्मोलॅलिटी, म्हणजे जेलमध्ये विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, वाढली की आतलं अस्तर सोलवटतं. टेनोफोविर जेलचंही ग्लिसरीन नंतर कमी करावं लागलं. वेळापत्रक संबंधांशी बांधू नका. संबंधाआधीच्या बारा तासांत एकदा आणि नंतरच्या बारा तासांत एकदा, या पद्धतीने 'कॅप्रिसा ००४' मध्ये लागण ३९ टक्क्यांनी घटली, २०१० ची गोष्ट. पण तीच पद्धत 'फॅक्ट्स' प्रयोगात वापरली तेव्हा २०१५ मध्ये हाती काही लागलं नाही. त्यातल्या बऱ्याच मुली आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या होत्या. पुन्हा घरच! म्हणून मला डापिविरीन या एचआयव्हीविरोधी औषधाची, योनीत बसवायची सिलिकॉन रिंग आवडते. महिनाभर आत, रोज लपवायला काही नाही. आकार बघून बायका आधी दचकतात, मग विसरून जातात. २०१६ च्या दोन प्रयोगांत संरक्षण फक्त २७ आणि ३१ टक्के, तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली.

पुण्यात भोसरीच्या 'नारी' (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) मध्ये टेनोफोविर जेलचे आणि कडुलिंबाच्या प्रनीम गोळीचे सुरुवातीचे प्रयोग झालेत, ते वाचून काढा. तुमचे गाइड हेही विचारतील की एचआयव्ही टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शन आल्यावर जेल हवीच कशाला. २०२४ च्या प्रयोगात ते घेतलेल्या २१३४ बायकांत एकीलाही लागण झाली नाही, तेव्हा विचारणं रास्त आहे. माझं उत्तर, जिला दवाखान्याच्या रांगेत दिसायचं नाही तिच्यासाठी.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : दुकानातल्या साध्या ल्युब्रिकंट जेलने एचआयव्ही अडत नाही. कंडोम सोडू नका.

आणि बायकांशी बोलणं शेवटच्या सेमिस्टरवर ढकलू नका. जेलचा पीएच ठरवायच्या आधी बोला, आणि सासवांना वेगळ्या दिवशी बोलवा.