वाचक विचारतात : चित्रफीत दिसते, पण आवाज कुठंय?

प्रश्न : अकरावीला गूगल मीटवर भौतिकशास्त्र शिकवतो. मध्येच चित्रफीत लावली की मुलं म्हणतात, "सर, आवाज येत नाहीये." आवाज आलाच तर चित्र अडखळतं. माझ्याकडचं नेट तर चांगलं आहे.
– कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक, सांगोला

आवाज कुठे अडकतो ते आधी. स्क्रीन शेअर करताना मीट टॅब, विंडो आणि पूर्ण स्क्रीन असे पर्याय देतं. विंडो निवडली की बहुतेकदा चित्र जातं आणि आवाज तुमच्याच स्पीकरमध्ये राहतो. क्रोममध्ये चित्रफीत वेगळ्या टॅबमध्ये उघडा, तोच टॅब शेअर करा आणि टॅबचा आवाज पाठवण्याचं बटण चालू असल्याची खात्री करा. झूम वापरत असाल तर शेअरच्या खिडकीत खाली 'शेअर साउंड' आणि 'ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप' अशा दोन चौकटी असतात. दोन्हींवर खूण हवी.

अडखळण्याचं कारण वेगळं. चित्रफीत आधी तुमच्या संगणकावर उतरते, उलगडते, मीट ती पुन्हा दाबून वर पाठवतं आणि मग ती मुलांकडे पोचते. नेट चांगलं म्हणताना आपण डाउनलोड बघतो, इथे कस अपलोडचा लागतो. तेव्हा तीन मिनिटांहून मोठी चित्रफीत मीटमधून दाखवूच नका. दुवा चॅटमध्ये टाका, 'चार मिनिटांत परत या' म्हणा आणि पाहण्याआधी एक नेमका प्रश्न द्या: लंबकाची दोरी दुप्पट केल्यावर आवर्तकाल किती पट झाला? प्रश्न नसेल तर निम्मी मुलं परत येत नाहीत.

लंबकासाठी खरं तर चित्रफितीपेक्षा फेट बरं. कोलोरॅडो विद्यापीठाची ही सिम्युलेशन्स मोफत आहेत, काही मराठीतही आहेत आणि एचटीएमएल-फाइव्हमधली उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. मुलं दोरी स्वतः लांबवतात.

आणि कुठलंही साधन वर्गात आणण्याआधी घरातल्या सगळ्यांत जुन्या फोनवरून, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर स्वतःच विद्यार्थी म्हणून तासाला बसा. तिथे जे चालत नाही ते वर्गात चालणार नाही.

प्रश्न : नववीच्या चाळीस मुलांना एकाच गूगल डॉकमध्ये लिहायला दिलं. पाच मिनिटांत कुणीतरी सगळं पुसून टाकलं. कुणी ते कळायला मार्ग नाही.
– मराठीच्या शिक्षिका, चिपळूण

लेखन गेलेलं नाही. संगणकावर फाइल मेनूतून 'व्हर्जन हिस्ट्री' उघडा, पुसण्याच्या आधीची वेळ निवडा आणि 'रिस्टोअर' करा. मात्र 'दुवा असलेला कुणीही' अशी परवानगी दिली असेल आणि मुलं खात्यातून आत आली नसतील, तर इतिहासात सगळी अनामिक म्हणूनच दिसतात. नाव हवं तर दुवा खुला न ठेवता मुलांच्या ईमेलना परवानगी द्या.

पण खोडी हा इथला मुख्य दोष नाही. चाळीस जण एकाच पानावर लिहीत असले की वरच्याने एन्टर दाबला तरी खालच्या सगळ्यांच्या ओळी हलतात. बोट लागून भलताच मजकूर निवडला जातो आणि पुढच्या अक्षरासरशी उडतो. म्हणून डॉकऐवजी गूगल स्लाइड्स घ्या. चार-चार जणांचे दहा गट, प्रत्येक गटाला एक स्लाइड, कोपऱ्यात ठळक गटक्रमांक. प्रत्येक गटात लिहिणारा एकच, बाकीचे सांगणारे. प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचं असेल तर गूगल क्लासरूममध्ये गृहपाठ देताना 'प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रत' हा पर्याय निवडा.

फोनवाल्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा: ब्राउझरमध्ये फाइल दिसते, लिहायला ॲप लागतं. तास सुरू झाल्यावर ॲप उतरवायला बसलं की पंधरा मिनिटं गेलीच.

प्रश्न : गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड बंद झाला. गणितासाठी दुसरा फळा कोणता?
– नांदेड

जॅमबोर्ड २०२४ अखेर बंद झाला. एक्सकॅलिड्रॉ खात्याशिवाय चालतो, दुवा पाठवला की मुलंही त्यावर लिहितात. तास संपताना फाइल मात्र उतरवून घ्या. तरी माऊसने वर्गमूळ काढण्यापेक्षा कागद-पेन उत्तम.

कागद मुलांना दिसावा म्हणून दुसरा फोन त्याच तासाला जोडा, माइक बंद, स्पीकरही बंद. एक जरी चालू राहिला तरी शिट्टी वाजते. पुस्तकांच्या दोन चळतींवर पट्टी आडवी ठेवून फोन कागदापासून फूटभर उंच, मागचा कॅमेरा खाली. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे, नाहीतर हाताची सावली नेमकी उत्तरावर पडते. पेन्सिल कॅमेऱ्याला फिकी दिसते, जाड काळं स्केचपेन घ्या. झूममध्ये 'पिन' केलं की मोठं चित्र फक्त तुम्हाला दिसतं. सगळ्यांना दिसण्यासाठी 'स्पॉटलाइट' लागतं.

प्रश्न : ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरवर तास मुद्रित करत असताना वीज गेली आणि फाइल उघडेना. फाइल्स प्रचंड मोठ्याही होतात.
– जालना

साध्या एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका मुद्रण थांबवताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली की ती लिहायची राहते. सेटिंग्जमध्ये आउटपुट, तिथे रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. मग वीज जाईपर्यंतचा भाग वाचतो. नंतर फाइल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने काही सेकंदांत एमपीफोर होते, दर्जा तसाच राहतो.

आकारासाठी : चित्र १२८० बाय ७२०, सेकंदाला १५ फ्रेम्स, व्हिडिओ बिटरेट ५००, आवाज ६४. साध्या आउटपुट प्रकारात रेकॉर्डिंग क्वालिटी 'सेम ॲज स्ट्रीम' हवी, नाहीतर हा बिटरेट मुद्रणाला लागूच होत नाही. वीस मिनिटांचा पाठ सुमारे ८५ एमबीत बसेल. स्लाइड्ससाठी एवढं पुरतं, प्रयोगाच्या चित्रणाला नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो पुन्हा दाबला जातो आणि अक्षरं फुटतात.

प्रश्न : जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. गूगल डॉकमध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.
– डिचोली, गोवा

त्या फाइलीत मुळात रोमन संकेतच साठवलेले आहेत, देवनागरी रूप फक्त फॉन्ट देतो. त्यामुळे डॉकमध्ये फॉन्ट बदलून उपयोग नाही. त्याच फॉन्टसाठी असलेल्या रूपांतरकाने युनिकोड करा आणि रफार, ऱ्हस्व वेलांटी व द्य-द्ध डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात. नुसतं दाखवायचं असेल तर जुन्या संगणकावरूनच पीडीएफ करा.

प्रश्न : रविवारच्या मराठी शाळेत गूगल फॉर्मवर चाचणी घेतो. बरोबर उत्तरालाही शून्य गुण मिळतात.
– न्यू जर्सी

लघुत्तर तपासताना फॉर्म अक्षरन्‌अक्षर जुळवून पाहतो. मुलाने देवनागरीऐवजी इंग्रजी आकड्यात पाच लिहिलं की चूक. 'तऱ्हा'मधला ऱ्ह दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. दिसतो सारखा, संकेत निराळे. उत्तरसूचीत सगळी मान्य रूपं भरा किंवा शक्य तिथे बहुपर्यायी प्रश्न ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षा घ्यायची असेल तर लघुत्तरं हातानेच तपासा.