एमआरआय नॉर्मल, तरी पायांखालची जमीन हलते

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून नागपुरातील एका खासगी शाळेत गणित शिकवते. सव्वा वर्षापूर्वी एका पहाटे अंथरुणात कूस बदलताना सारी खोली गरगर फिरली, उलट्या झाल्या आणि दोन दिवस उठता आले नाही. तो झटका ओसरला, पण तेव्हापासून होडीत उभे असल्यासारखे वाटते, ते आजतागायत. फळ्याकडून वर्गाकडे वळताना तोल जातो, बर्डीच्या बाजारातील गर्दीत पाच मिनिटे थांबवत नाही, स्कूटी बंद झाली आहे. फिजिशियन, कान-नाक-घसा तज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर आणि मेंदूविकारतज्ज्ञ झाले. मानेत गॅप आहे म्हणून पट्टा मिळाला, चक्कर थांबवण्याच्या गोळ्या वर्षभर चालू आहेत, एमआरआय नॉर्मल आला. शेवटच्या डॉक्टरांनी ‘मनाची गोळी’ लिहून दिली, ती चिठ्ठी मी दवाखान्याबाहेर येताच फाडली. यजमान म्हणतात, सगळे नॉर्मल आहे तर आता हा विषय सोड. सासूबाई दृष्ट काढतात. डाव्या कुशीवर झोपणे मी केव्हाच सोडून दिले आहे. मला खरोखर काही आजार आहे की मी वेडी होत चालले आहे? आणखी किती दिवस शोधत राहू? राजीनामा लिहून ठेवला आहे.
– एक वाचक, नागपूर

प्रिय भगिनी,

डाव्या कुशीवर झोपणे तुम्ही केव्हाच सोडून दिले आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, आणि तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हेच वाक्य. ते तुम्ही चारपैकी किती डॉक्टरांना सांगितले? माझा अंदाज असा, की एकालाही नाही. कारण त्यांनी विचारले नसेल आणि तुम्हाला ती आपली झोपण्याची सवय वाटली असेल. वेड लागलेले माणूस कोणत्या कुशीवर त्रास होतो हे इतक्या नेमकेपणाने सांगत नाही, हे आधी सांगून टाकते. मी डॉक्टर नाही आणि पत्र वाचून निदान करणे हे माझे काम नव्हे, परंतु हे वाक्य ज्याच्या कानांवर पडायला हवे त्याच्यापर्यंत ते पोहोचलेले नाही, एवढे मला दिसते.

आपल्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. ते आपल्या जागेवरून निसटून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरले, की डोके विशिष्ट बाजूला वळवताच काही सेकंद, फार तर मिनिटभर, सारे जग फिरते. कूस बदलताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना किंवा केस धुताना मान मागे नेली असता हा झटका येतो. या विकाराला बीपीपीव्ही म्हणतात आणि गरगरण्याच्या सर्व कारणांत हे फार मोठ्या प्रमाणावर आढळणारे कारण आहे. त्याची तपासणी यंत्राविना होते : रुग्णाला खाटेवर बसवून, मान एका बाजूला ४५ अंशांत वळवून, झटकन मागे आडवे करायचे आणि डोळ्यांची बुबुळे विशिष्ट रीतीने थरथरतात का ते पाहायचे. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली वर्णन केलेली ही डिक्स-हॉलपाइक चाचणी दोन-चार मिनिटांत उरकते. ती सकारात्मक आली, तर जॉन एपली या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने डोके क्रमाक्रमाने फिरवून ते कण मूळ जागी परत आणता येतात, आणि पुष्कळांना एक-दोन बैठकींतच आराम पडतो. तुमच्या पत्रात चार तज्ज्ञ आहेत, मानेचा पट्टा आहे, महागडा एमआरआय आहे, पण खाटेवर असे आडवे करून कोणी पाहिल्याचा उल्लेख नाही. तेवढे आधी करून घ्या. मात्र इंटरनेटवरचा व्हिडिओ पाहून घरी स्वतःचे डोके फिरवू नका. कोणता कान आणि कोणती नलिका हे ठरल्याशिवाय त्या प्रयोगाला अर्थ नाही.

एमआरआय नॉर्मल आला याचा अर्थ यजमानांना नीट समजावून सांगायला हवा. त्या तपासणीत गाठ, पक्षाघाताच्या खुणा, मेंदूतील सूज अशा गोष्टी दिसतात आणि त्या तुम्हाला नाहीत, ही खरोखरच समाधानाची बाब आहे. परंतु कानातले ते कण त्या फिल्मवर दिसत नाहीत, आणि तोलाचा मज्जातंतू किती काम करतो हेही ती फिल्म सांगत नाही. तोलाची कारणे बहुतेक वेळा रुग्णाच्या सांगण्यातून आणि डोळ्यांच्या हालचालीतून सापडतात. म्हणून तुमचे सांगणे नेमके झाले पाहिजे, आणि इथे गणिताची शिक्षिका असणे कामी येईल.

‘चक्कर येते’ एवढेच म्हटले, तर ठरावीक गोळीची ठरावीक चिठ्ठी हातात पडते. त्याऐवजी दोन-तीन आठवडे वही ठेवा. प्रत्येक वेळी काय करताना सुरू झाले, किती वेळ टिकले आणि सोबत आणखी काय होते, एवढ्याच गोष्टी टिपायच्या. उदाहरणार्थ : ‘सकाळी ६.१०. डावीकडे वळून अलार्म बंद केला. खोली फिरली. अर्ध्या मिनिटात थांबली. मळमळ तासभर. कानात आवाज नाही, डोके दुखले नाही.’ अशा नोंदींवरून डॉक्टरांना पुष्कळ कळते. मिनिटाच्या आत थांबणारा आणि डोके वळवल्यानेच येणारा झटका एक दिशा दाखवतो. वीस मिनिटे ते बारा तास चालणारा, सोबत एका कानात दडा बसणारा, आवाज येणारा आणि ऐकू कमी येणारा झटका मेनिएरच्या विकाराकडे बोट दाखवतो. पाच मिनिटांपासून थेट तीन दिवसांपर्यंत टिकणारी, उजेड आणि आवाज सहन न होऊ देणारी भोवळ अर्धशिशीची असू शकते, आणि त्यासाठी दर वेळी डोके दुखलेच पाहिजे असे नाही. तुमच्या आईला किंवा मावशीला अर्धशिशी होती का, हेही विचारून ठेवा. पाळीच्या आसपास त्रास वाढतो का, याचीही नोंद करा.

आता त्या होडीविषयी. दोन दिवस अंथरुणाला खिळवणारा पहिला झटका, कूस बदलताना येणारी क्षणिक गरगर आणि दिवसभराचे हे डुलणे, या तीन गोष्टींचे कारण एकच असेल असे मुळीच नाही. पहिल्या वेळी तोलाच्या मज्जातंतूला सूज आली असेल, त्यानंतर कण निसटले असतील आणि त्या दोहोंच्या धक्क्यातून तिसरी अवस्था उरली असेल, असे घडू शकते. तुम्हाला एक नाव सापडत नाही ते कदाचित म्हणूनच. या तिसऱ्या अवस्थेला आज पीपीपीडी हे नाव आहे. तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटीने २०१७ साली तिचे निकष ठरवले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही तिला जागा मिळाली आहे. तीन महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवशी, डुलल्यासारखे किंवा अस्थिर वाटणे; उभे राहिल्यावर, हालचाल केल्यावर आणि डोळ्यांपुढे गर्दी असताना ते वाढणे, अशी तिची लक्षणे आहेत. बर्डीवर माणसांचा लोंढा, डोक्यावर टांगलेले कपडे आणि हलते दिवे हे सारे एकदम डोळ्यांवर येते. मोठ्या झटक्यानंतर मेंदू सावध होऊन डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त विसंबू लागतो आणि धोका टळून गेल्यावरही ती सावधगिरी सोडत नाही, असे या अवस्थेचे स्वरूप सांगतात. तुम्हाला तीच आहे असे मी म्हणत नाही, पण ‘मला पीपीपीडी असू शकते का?’ हा प्रश्न डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

याच कारणाने ती फाडलेली चिठ्ठी मला खटकली. नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या गटातील काही औषधे या अवस्थेत थोड्या मात्रेत दिली जातात, मेंदूची ही अतिसावधता उतरावी म्हणून. सोबत तोलाचे व्यायाम आणि गरज असेल तर समुपदेशन असते. डॉक्टरांनी तसे समजावून सांगितले असते, तर तुम्हाला अपमान वाटला नसता. ‘मनावर घेऊ नका’ एवढे बोलून चिठ्ठी पुढे सरकवणे हा त्यांच्या बोलण्यातला उणेपणा झाला, औषधाचा नव्हे. पुढच्या वेळी चिठ्ठी फाडण्याआधी ‘ही गोळी कशासाठी?’ एवढे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर डॉक्टर बदला.

वर्षभर चाललेल्या गोळ्यांबद्दल मला अधिक काळजी वाटते. सिनारिझीन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांसारखी भोवळ दाबणारी औषधे पहिल्या काही दिवसांच्या तीव्र त्रासापुरती ठीक असतात. ती महिनोन्‌महिने घेतल्यास तोल सावरण्याचे मेंदूचे शिकणे मंदावते, आणि काहींना, विशेषतः वाढत्या वयात, हातांना कंप किंवा अंगात ताठरपणा येऊ शकतो. आपल्या गोळीत काय आहे ते पाकिटावर वाचा आणि डॉक्टरांना विचारून ती कमी कशी करायची ते ठरवा. मनाने एकदम बंद करू नका. मानेच्या पट्ट्याचेही तेच. चाळिशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर पुष्कळांच्या मानेत काही ना काही ‘गॅप’ दिसतो, ज्यांना भोवळ नाही त्यांच्याही. पट्ट्याने मान आखडते आणि डोके हलवून तोल सावरायला शिकण्याची मेंदूची संधी जाते, तेव्हा तो कधी काढायचा, हेही विचारून घ्या.

साध्या गोष्टीही राहून जाऊ नयेत. रक्तदाब आधी पाच मिनिटे आडवे राहून आणि मग उभे राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर ते महत्त्वाचे आहे. हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि थायरॉइड झाले नसेल तर करून घ्या. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना पाणी कमी पडले, तर धडधाकट माणसालाही अंधारी येते, म्हणून उन्हाळ्यात निर्जळी उपवास नकोत.

कोठे जावे? धंतोली आणि रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्या मोजून संपत नाहीत, आणि अडचण तिथेच आहे. प्रत्येक पाटीखाली नवी फाईल सुरू होते. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांतील कान-नाक-घसा विभागात जा, नाहीतर ज्यांच्याकडे श्रवण तपासणी आणि व्हीएनजी, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली टिपणारी तोलाची चाचणी, होतात असे तज्ज्ञ फोन करून शोधा; पण एकच डॉक्टर धरा आणि सर्व जुने कागद त्यांच्यापुढे ठेवा. किती दिवस शोधू, या प्रश्नाला माझे उत्तर असे, की अशी एक नीट आखलेली फेरी पूर्ण करा आणि तीत जे सापडेल त्यावर उपचार सुरू करा. तोलाच्या व्यायामांचा गुण आठवड्या-महिन्यांनी दिसतो आणि सुरुवातीला त्रास थोडा वाढतोही, तेव्हा मध्येच पाचवा डॉक्टर शोधायला निघू नका. दुसरा एमआरआय नवे लक्षण दिसल्याशिवाय नको. मात्र अचानक एकाचे दोन दिसू लागले, बोबडी वळली, चेहरा वाकडा झाला, हातापायातील शक्ती गेली, आधार घेऊनही चालता येईना किंवा कधी नव्हे इतके डोके दुखू लागले, तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा, तिथे एक क्षणही दवडायचा नाही.

यजमानांशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. झटका आला की त्यांनी उजेडात मोबाइल जवळ धरून तुमच्या उघड्या डोळ्यांचे चित्रीकरण करावे. हे चित्रीकरण डॉक्टरांना फार उपयोगी पडते. बुबुळे कोणत्या दिशेने आणि किती वेळ थरथरतात, यावरून ते बरेच ओळखतात. शिवाय बायकोची बुबुळे आपोआप हलताना एकदा स्वतः पाहिली, की ‘विषय सोड’ म्हणणे कोणत्याही नवऱ्याला जड जाईल. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि वहीतील एक पान त्यांनाच वाचायला सांगा. सासूबाई दृष्ट काढतात तर काढू द्या. मीठ-मोहऱ्यांनी कोणाचा तोल गेल्याचे ऐकिवात नाही, आणि त्या घरात तुमचा त्रास खरा मानणाऱ्या आजवर त्या एकट्याच दिसतात.

स्कूटीला सध्या हात लावू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत यजमानांनी सोडावे किंवा शक्य तिथे मेट्रोने जावे. राजीनामा मात्र कपाटातच राहू द्या. मुख्याध्यापकांना भेटून, डॉक्टरांचे पत्र दाखवून, तळमजल्यावरील वर्ग मागा, सलग तासांच्या मध्ये एक रिकामा तास मागा आणि फळ्यावरचे गणित दहावीच्या एखाद्या चुणचुणीत मुलीकडून सोडवून घ्या. तुम्ही खुर्चीत बसून चुका सांगितल्या तरी गणित शिकवले जाते. घरी बसल्याने हालचाल कमी होईल, आणि हालचाल कमी होणे हे तुमच्यासारख्या त्रासात औषधाच्या उलट काम करते. उपचार सुरू होऊन शाळेचे किमान एक सत्र उलटल्यावरही वर्गात उभे राहणे जमले नाही, तर तेव्हा मला पुन्हा लिहा. नोकरीचा विचार आपण त्या वेळी, हाती निदान असताना करू.