नाशिकमध्ये नदीकाठी जीवाश्म आणि जुन्या काचेच्या बाटल्या खरंच सापडतात का? शोधायच्या कुठे?

बाटल्या नक्की सापडतात, जीवाश्म क्वचित. आणि तुम्ही जिथून सुरुवात करायची म्हणताय तिथे दोन्ही नाहीत.

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरला नवीन राहायला आलोय, परदेशी व्हिडिओ बघून सातवीतली मुलगी मागे लागलीये, नासर्डीच्या काठी जाऊ का? नासर्डी नको. सातपूरपासून खाली तिच्यात इतकं काही मिसळतं की पोरीला घेऊन त्या पाण्यात उतरावं असं ते पाणीच नाही. तिथे मिळतात त्या बाटल्याही बहुतेक परवाच रिकाम्या झालेल्या चपट्या.

आता जीवाश्मांचं. व्हिडिओतली मंडळी ओढ्यातला दगड फोडतात आणि आत शिंपला किंवा मासा निघतो, कारण त्यांचा दगड गाळाचा असतो. नाशिकचा काळा दगड लाव्हाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो वर आला आणि थरावर थर साचत गेला. त्या तप्त रसात हाड टिकणार कुठून? त्यामुळे पांडवलेणीच्या किंवा रामशेजच्या पायथ्याशी हातोडी घेऊन बसू नका. त्या दगडात मिळतात ते स्फटिक. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, मग त्या पोकळ्यांत पाण्यातली खनिजं हळूहळू जमली: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट. पांडवलेणीच्या आसपासच्या खाणींतलं हिरवं अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहे, नाशिककरांनाच ते फारसं ठाऊक नसतं. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. मुलीला पहिल्या रविवारी तिथे न्या. चालू खाणीत मात्र परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. त्यापेक्षा एखाद्या शेतकऱ्याला विचारून नव्या विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग पाहा, हाताशी काहीतरी लागतं.

या काळ्या दगडात दोन गोष्टी हमखास फसवतात. एक म्हणजे दगडाच्या भेगेत उमटलेली नाजूक नेच्यासारखी नक्षी. ती वनस्पती नसते, मँगनीज आणि लोहाची खनिजं भेगेत पसरून तशी आकृती होते. दुसरी म्हणजे ‘डायनासोरची अंडी’. रस्ता रुंद करताना कापलेल्या दरडीत गोल गोल धोंडे दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, झिजताना कोपरे आधी जातात, म्हणून तो गोल होतो, बाकी काही नाही. खरी अंडी बघायची तर गुजरातमध्ये बालासिनोरला जावं लागेल. आपल्या राज्यात डायनासोरची हाडं सापडली ती चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला आणि गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला. दोन्ही इथून राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

मग नाशिकला काय? नाशिकला नदीची माती आहे, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. शहर सोडून गोदावरीच्या खालच्या अंगाला गेलात की पात्राच्या दोन्ही बाजूंना पिवळसर-तपकिरी मातीच्या उंच दरडी दिसतात, आणि त्यांच्या तळाशी गोटे-वाळू चुनखडीने घट्ट जमून गेलेला थर. हा गाळ लाव्हाच्या मानाने अगदी कालचा, हिमयुगांच्या काळातला. याच गाळात नांदूर मध्यमेश्वरला सरळ सुळ्यांच्या प्रचंड हत्तीची कवटी मिळाली होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलंय. आजच्या आशियाई हत्तीपेक्षा हा प्राणी बराच मोठा. नांदूर मध्यमेश्वर आता पक्षी अभयारण्य आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तेव्हा तिथे दुर्बीण न्या, खुरपं नको.

बाकी ठिकाणी चालत गेलात तर काय दिसेल? दरडीतून डोकावणारे गोड्या पाण्यातले जुने शिंपले आणि गोगलगायींचे शंख, हे बऱ्यापैकी. चुनखडीच्या पांढऱ्या नळ्या, ज्या अगदी हाडासारख्या दिसतात पण असतात झाडाच्या मुळांभोवती जमलेला चुना. हाड ओळखायची साधी खूण म्हणजे मोडलेल्या कडेला बारीक जाळी दिसते, आणि जीवाश्म झालेलं हाड हाताला ताज्या हाडापेक्षा जड लागतं. पुस्तकात जिभेला लावून बघा असंही लिहिलेलं असतं, हाड जिभेला चिकटतं म्हणून. गोदावरीकाठी हा प्रयोग करू नये, एवढंच सांगतो.

शोधताना नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला बघा. पाण्याचा जोर तिथे कमी होतो आणि जड वस्तू तिथेच खाली बसतात. सराफ बाजाराजवळच्या नाल्याची माती पाटीत घोळवून सोन्याचे कण काढणारे झारेकरी पाहिलेत तर हे दोन मिनिटांत कळेल, पाणी काय कुठे टाकतं हे त्यांच्याइतकं कोणाला समजत नाही.

गोट्यांच्या थरात एखादा दगड मुद्दाम घडवल्यासारखा वाटला, दोन्ही बाजूंनी कपचे काढून धार केलेला, तर थांबा. तो कदाचित अश्मयुगातल्या माणसाच्या हातचा असेल. गंगापूरजवळ गंगावाडीला डेक्कन कॉलेजच्या सांकळियांना अशीच हत्यारं मिळाली आणि गोदावरीच्या अश्मयुगीन हत्यारांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ साली निघाला. वरच्या थरांत गारगोटी आणि अकीकाची नखाएवढी पातीही दिसतात. अशी वस्तू उचलून घरी आणली की तिची निम्मी माहिती गेली, कारण ती कोणत्या थरात होती यावरच तिचं वय ठरतं. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा मोबाइलवर नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

जाता जाता, नाशिकमधला सगळ्यात सहज दिसणारा जीवाश्म नदीत नाहीच. पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानात चक्र असलेला शाळिग्राम मागा. नेपाळच्या काली गंडकीतून आलेला तो अमोनाइट असतो, ज्युरासिक समुद्रातला, साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. तुमच्या देवघरात कदाचित असेलही. आजीला विचारून मुलीला भिंगातून बघू द्या.

आता बाटल्या. बाटली नदीत सापडते ती नदीमुळे नाही, काठावर कोण राहत होतं त्यामुळे. म्हणून आधी माणसं शोधायची. देवळालीला १८६० च्या दशकात गोऱ्या सैन्याची छावणी झाली, जहाजाची वाट पाहत पलटणी तिथे पडून असायच्या, आणि त्यांचा कचरा जवळच्या ओहोळात जायचा. इगतपुरीचंही तसंच, १८६५ ला थळ घाटातून रेल्वे आली आणि मागून साहेबांचे बंगले. छावणीची हद्द लष्कराची आहे, तिथे शिरायचं नाही. हद्दीबाहेर दारणा आणि वालदेवीला मिळणारे छोटे नाले, जुन्या गावठाणामागचे उकिरडे, बुजलेल्या विहिरींच्या कडा, या जागा चांगल्या. मला अशा ठिकाणी शाईच्या दौती, औषधाच्या चपट्या बाटल्या, सॉसच्या बाटल्यांची तोंडं आणि खूप साऱ्या काचा मिळाल्या आहेत. अखंड बाटली विरळाच, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

बाटलीचं वय तिच्या शिवणीवरून कळतं. साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ बाटलीच्या अंगावरून वर जाते. ती मानेवरच संपत असेल आणि तोंड वेगळं बसवल्यासारखं वाटत असेल, तर तोंड हाताने केलेलं आहे. रेघ थेट ओठावरून पार गेली असेल तर ती पूर्ण यंत्रावरची. ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ चं, तेव्हा अशी बाटली बहुधा त्यानंतरची. काचेतले बुडबुडे आणि एका बाजूला झुकलेला तळ हीही हातकामाची लक्षणं. बिनरंगी काचेला फिकट जांभळी झाक असेल तर खूश व्हा. काच पांढरी दिसावी म्हणून पूर्वी तिच्यात मँगनीज घालत, आणि ती वर्षानुवर्षं उन्हात पडली की जांभळी होते. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत मागे पडत गेली.

गोटीसोड्याच्या बाटलीबद्दल जरा सावध राहा. सगळ्यांना हीच हवी असते. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७० च्या दशकात ती आणली: मानेत चिमटा, आत काचेची गोटी, तोंडाशी रबरी कडी, आणि सोड्याचा वायूच गोटीला वर दाबून बूच लावतो. पण आपल्याकडे ही बाटली अगदी अलीकडेपर्यंत बनत होती आणि धुऊन परत भरली जात होती. त्यामुळे गोटी दिसली म्हणून ती इंग्रजांच्या काळातली ठरत नाही. काचेवरची उठावाची अक्षरं वाचा, काच किती जाड आहे बघा. पोरं गोटीसाठीच बाटली फोडायची, म्हणून माना जास्त मिळतात आणि गोट्या कमी.

मातीतून निघालेल्या काचेवर कधी कधी मोरपंखी चमक असते. ती धूळ नाही, काच झिजून सुटलेले पातळ पापुद्रे आहेत. घासलंत की गेली. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि आत मूठभर तांदूळ घालून हलवा, पुरतं. उकळतं पाणी ओतू नका, तडकते.

जायचं कधी? पूर ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास, दरडी नव्याने कापलेल्या असतात तेव्हा. पाणवेलींमुळे काठ दिसत नसेल तर मे महिना बरा. पावसाळ्यात अजिबात नाही. आपण गंमत म्हणून दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं बघतो, पण गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की खालच्या पात्रात उभ्या माणसाला वेळ मिळत नाही. दरडीच्या पायथ्याशी खणू नका, ती अंगावर येते. गमबूट, जाड हातमोजे, गवत चाळवायला काठी (घोणस काठावर असते), आणि दोघांचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या.

कायद्याचं विचारलंत म्हणून: शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, आणि जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे. फुटक्या दौतीसाठी कोणी दारात येणार नाही, पण नाणी, मूर्ती, ताम्रपट दिसला तर हात न लावता कळवा. नाण्यांची आवड लागलीच तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे.

विकून पैसे मिळतात का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बाटल्यांचे थोडेफार मिळतात, पण देवळालीतला एखादा जुना भंगारवाला तुमच्यापेक्षा चांगल्या बाटल्या बाळगून असेल आणि त्याला भावही माहीत असेल. त्याच्याशी ओळख करून घ्या. कुठल्या नाल्यात अजून काय निघतं हे तो चहावर सांगतो.