फवारा बाजूला ठेवा : दवाखान्यातल्या काउंटरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत ऑपरेशन थिएटरबद्दल कुणी विचारलेलं नाही. सगळे प्रश्न काउंटरवरच्या वस्तूंचे आहेत: कीबोर्ड, फोन, अंगठ्याचं मशीन. केस पेपर हातात घेतलेला हात लगेच माउसवर जातो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहेत.

प्रश्न : धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात मी रिसेप्शनवर आहे. तीन पाळ्यांत मिळून सहा जणी एकच कीबोर्ड वापरतो. पाळी बदलली की सर्जिकल स्पिरिट फवारून पुसतो. तरी वर्षभरात दोन कीबोर्ड गेले. बटणं चिकटतात, अक्षरंही उडालीत. आमचं काय चुकतं?

उत्तर : पहिली चूक फवाऱ्याची. बटणांच्या खाली प्लास्टिकचे पातळ पदर असतात आणि त्यांवर वीज वाहणाऱ्या रेषा छापलेल्या असतात. फवारलेलं द्रव फटींतून खाली उतरताना वरची घाण सोबत घेऊन जातं. द्रव उडून जातं, घाण तिथेच राहते. शिवाय फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. बटणांच्या कडा, माउसच्या बाजू, केबलचा पहिला वीतभर भाग कोरडाच राहतो, आणि बोटं तर तिथेच लागतात.

दुसरी चूक स्पिरिटची. काही सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल तेल असतं. ते त्वचेसाठी ठीक, पण बटणांवर त्याचा चिकट थर बसतो. बाटलीवरचे घटक वाचा. कामाचं आहे ते साधं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं मिळालं तर ७० मिलीत ३० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. जास्त टक्के म्हणजे जास्त परिणाम, असं इथे होत नाही. जंतूंमधली प्रथिनं मोडायला पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, साबण वगळण्याची. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची दमट हवा, रस्त्यावरची धूळ आणि बोटांचं तेल मिळून बटणांवर कीट चढतं. अल्कोहोल ते काढत नाही, उलट वाळवून घट्ट बसवतं. जंतू त्याच्याखाली सुखरूप राहतात.

आता पद्धत. कॉम्प्युटर बंद करून केबल काढा. कीबोर्ड उलटा धरून हलकेच ठोका, फटींतून मऊ ब्रश फिरवा. मायक्रोफायबरचं फडकं दोनदा दुमडलं की त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. ते सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून इतकं पिळा, की दाबल्यावर थेंब पडता कामा नये. वरून खाली पुसत या, बाजू मळली की पुढची उघडा. मळलेली बाजू परत भांड्यात बुडवायची नाही. मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं फिरवा, कोरडं होऊ द्या आणि शेवटी अल्कोहोलने भिजवलेलं फडकं किंवा वाइप फिरवा.

वाइपच्या पाकिटावर किती वेळ ओलं राहायला हवं ते लिहिलेलं असतं. कुठे एक मिनिट, कुठे त्याहून बरंच जास्त. तेवढा वेळ पृष्ठभाग ओला दिसला पाहिजे. कूलरच्या झोतात अल्कोहोल काही सेकंदांत उडतं, म्हणून पुसताना कूलर बंद करा आणि तरीही सुकलं तर पुन्हा फिरवा. अल्कोहोल खोलीच्या तापमानालाही पेट घेतं, म्हणून यंत्र बंद ठेवायचं आणि बाटली उन्हात किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ठेवायची नाही.

मॉनिटरला अल्कोहोल लावण्याआधी कंपनीची सूचना बघा. काही प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात, पडद्यावरचा लेपही उतरतो. खरं तर सहा जणी एकच कीबोर्ड वापरत असाल, तर पुसता येणारं सिलिकॉनचं कव्हर घ्या. दर पाळीला ते काढून साबणाने धुता येतं. फाटलं की मात्र ताबडतोब बदला, कारण फाटक्या कव्हराखाली ओल साचते.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरिनच्या जंतुनाशकाचा) कॅन कधी ५ टक्क्यांचा येतो, कधी १० टक्क्यांचा. मावशी बादलीत अंदाजाने दोन झाकणं टाकतात. नेमकं माप काय? आणि मे महिन्यात दुपारपर्यंत वास जातो, म्हणजे हायपो संपला का? (कामठी रोड)

उत्तर : अंदाजाचं झाकण आजच बंद करा आणि मापाचा कप आणा. हिशेब सोपा आहे. कॅनवरच्या टक्क्यांना हव्या असलेल्या टक्क्यांनी भागायचं आणि त्यातून एक वजा करायचा. जे उरेल तितके भाग पाणी, एक भाग हायपो. काउंटर, दाराची मूठ, खुर्चीचे हात यांच्यासाठी ०.१ टक्का पुरतो. ५ टक्क्यांचा कॅन असेल तर २० मिली हायपो आणि ९८० मिली पाणी, १० टक्क्यांचा असेल तर १० मिली आणि ९९० मिली. रक्त किंवा शरीरातला दुसरा द्राव जास्त सांडला तर जागतिक आरोग्य संघटना ०.५ टक्के सांगते : ५ टक्क्यांचे १०० मिली आणि ९०० मिली पाणी. अनेक हॉस्पिटलं यासाठी १ टक्का वापरतात. तुमच्याकडे संसर्ग नियंत्रण समिती असेल तर तिचा आकडा पाळा. आधी रक्त टिपून घ्या, मगच हायपो, कारण घाणीत क्लोरिन खर्ची पडतं.

वासावर जाऊ नका. जोर गेलेल्या हायपोलाही वास येतो, आणि रोज वास घेणाऱ्याला तो जाणवेनासा होतो. क्लोरिन मोजायच्या पट्ट्या मिळतात, त्या वापरा. तुमची शंका मात्र खरी आहे. हायपो उष्णतेने आणि उजेडाने फुटतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या कॅनवर जे टक्के छापलेले असतात, ते आत उरलेले नसतात. उन्हाळ्यात पन्नास लिटरचा स्वस्त ड्रम घेण्यापेक्षा पाच लिटरचे कॅन घ्या आणि आतल्या, थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवा. तयार केलेलं पाणी झाकणाच्या, आत उजेड न जाणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि रोज सकाळी नवं करा. गरम पाणी घेऊ नका.

दोन गोष्टी मावशींना तोंडी सांगा, नुसती चिठ्ठी चिकटवू नका. संडास धुण्याचं अॅसिड हायपोत गेलं तर विषारी क्लोरिन वायू निघतो. आणि हायपो कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर यांच्याजवळ नको. तो धातू खातो. स्टीलच्या रॅकवर वापरलाच तर १० मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्या.

प्रश्न : हजेरीचं अंगठ्याचं मशीन पुसून पुसून बंद पडलं. उपाय?

उत्तर : काचेवर थेट काही फवारू नका आणि कागदी नॅपकिनने घासू नका, चरे पडले की ठसा उमटत नाही. मऊ फडक्याचा कोपरा किंचित ओला करून एकदा फिरवा, दिवसातून दोनदा. खरा बचाव मशीनच्या शेजारी हँड रबची (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या जंतुनाशकाची) बाटली ठेवण्यात आहे. तळहातभर घेऊन हात कोरडे होईपर्यंत २० ते ३० सेकंद चोळा, मग अंगठा लावा. ओला अंगठा लावला तर मशीन वाचत नाही, आणि मग माणूस चिडून चार वेळा दाबतो.

प्रश्न : किती वेळा पुसायचं आणि कुणी?

उत्तर : वॉर्डात किंवा ओपीडीत, पेशंटजवळ असलेला कॉम्प्युटर दर पाळीला एकदा, आणि डाग दिसला की लगेच. मागच्या ऑफिसातल्यांना दिवसातून एकदा पुरे. 'दर तासाला' लिहिलेल्या रजिस्टरवर सह्या भरपूर असतात, एवढंच.

'कुणी' हा जास्त अवघड प्रश्न आहे. मावशींना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, की वायरींना हात लावायचा नाही. सिस्टरना वाटतं मावशी पुसतात. म्हणून कीबोर्ड दोघींच्या मधोमध राहून जातो. खुर्चीवर बसणाऱ्याने पाळी सुरू करताना स्वतः पुसायचं, हा नियम सर्वांत जास्त टिकतो. तपासायचं असेल तर एंटर बटणावर आणि फोनच्या रिसीव्हरवर साध्या उजेडात न दिसणारा, पण अतिनील उजेडात चमकणारा जेलचा ठिपका लावा आणि दुसऱ्या दिवशी अतिनील टॉर्चने बघा. ठिपका जसाच्या तसा असेल तर तिथे फडकं पोहोचलेलंच नाही.

हातमोजे घालून टायपिंग करणं थांबवा. त्यांनी तुमचे हात स्वच्छ राहतात, कीबोर्ड नाही. वॉर्डात क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या आतड्यातल्या जंतूमुळे जुलाब झालेला पेशंट असेल तर त्या जंतूच्या बीजाणूंवर (टणक कवचातल्या सुप्त रूपांवर) अल्कोहोल चालत नाही. हात साबण-पाण्याने धुवा, आणि यंत्रांसाठी कोणतं द्रावण घ्यायचं ते यंत्राच्या कंपनीला विचारा.

प्रश्न : वापरलेले वाइप कुठे टाकायचे?

उत्तर : रक्त किंवा शरीरातला द्राव लागलेले पिवळ्या पिशवीत, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे. नुसता रिसेप्शनचा कीबोर्ड पुसलेले साध्या कचऱ्यात. सगळेच पिवळ्यात टाकलेत तर साधा कचराही विनाकारण जाळायला जातो.