'बाई, घरातल्या माणसालाही नको म्हणता येतं का?'

प्रिय बाई,

पाचवीच्या वर्गात तुम्ही 'नको म्हणजे नको' शिकवलंत. दुसऱ्या दिवशी दोन पालक "पोरांना नसतं काय शिकवता?" म्हणून भांडून गेले आणि मुख्याध्यापकांनी विषय बंद करायला सांगितला. याचं काय करायचं, असं तुम्ही विचारता. पण तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीने माझी झोप उडवली. तास सुटल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली आणि विचारून गेली, "बाई, घरातल्या माणसालाही नको म्हणता येतं का?"

पालकांचं नंतर बघू. उद्या तिला निवांत जवळ बसवा. "हो, येतं. कुणालाही," एवढं आधी सांगा. मग ती बोलेल तेवढंच ऐका. खोदून विचारू नका, तिच्या तोंडी शब्द घालू नका. 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन मुळीच देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापक नको म्हणाले तरीही. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर तुम्हीही फोन करू शकता.

कदाचित गालगुच्चे घेणारा एखादा काकाच असेल. तरी तिला ते नको असेल, तर तिचं म्हणणं खरंच.

आता वर्गाचं. तुमच्या वर्गातला, मुलीची वेणी ओढणारा मुलगा म्हणाला, "ती हसत होती." पोरं भीतीनेही हसतात, ओशाळूनही हसतात, हे मुलग्यांना सांगायलाच हवं. नुसता 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' मला अपुरा वाटतो. इंजेक्शन दुखतं, पण ते वाईट नसतं. गुदगुल्या दुखत नाहीत, तरी नकोशा होऊ शकतात. शिवाय ओळखायचं सगळं ओझं त्या लहानग्यावरच पडतं. हात लावणाऱ्याने आधी विचारावं, नकार आला की हात मागे घ्यावा, हे शिकवा. पाठ थोपटण्याआधी तुम्हीही विचारा. पोरं तुमचं बघून शिकतील.

पालकांना बोलवा, पण वाद घालू नका. पाहुण्यांना पापी द्यायला आपण पोरांना कसं भाग पाडतो, तिथून सुरुवात करा. ते प्रत्येक घरात घडलेलं असतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीपुढेही विषय मांडा, म्हणजे तुम्ही एकट्या पडणार नाही.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल. त्या मुलीशी मात्र उद्याच बोला.

तुमची,
ताई