गेमला घरातला नंबर द्यावा का?

‘मॅडम, गेमला आमचा मोबाईल नंबर जोडायला सांगतायत. जोडला आणि याने कुणाला शिव्या घातल्या, तर पोलीस आमच्या दारात येतील का?’ हल्ली बरेच पालक या ना त्या शब्दांत हेच विचारतात. नाशिकच्या सिडकोतून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका आईने विचारलं, तेव्हा तिचा नववीतला मुलगा शेजारीच बसून हसू दाबत होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

भीतीचं आधी सांगते. जोडलेला नंबर कंपनीकडे असतो, समोर खेळणाऱ्याला तो दाखवला जात नाही. शिवीगाळीची तक्रार झाली तर सहसा चॅट किंवा माइक बंद होतो, फार झालं तर आयडी बॅन होतो. धमकी, छळ, पैशांची फसवणूक यांत पोलीस येऊ शकतात, पण मग नंबर जोडला नसला तरी येतील.

नंबर मागण्यामागे साधा हिशेब आहे. ईमेल हवे तितके काढता येतात, सिमकार्डाला पैसे आणि कागदपत्रं लागतात. बॅन झालेल्याने दहा मिनिटांत नव्या नावाने परत येऊ नये, एवढ्यासाठी हे. ‘डोटा २’ या ऑनलाइन गेमने २०१७ साली रँकचे सामने खेळायला प्रत्येक आयडीला वेगळा नंबर सक्तीचा केला. आपल्याकडे २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ (पबजीचा भारतातला अवतार) आला तो अठरा वर्षांखालच्या मुलांनी पालकांचा नंबर द्यायचा, या अटीसकट.

या घरात मात्र आयडी नव्हे, नंबरच संपत आले होते. आईच्या नंबरावरचा आयडी शिव्यांमुळे बॅन झाला. मग बाबांचा. बाबा अंबडच्या कारखान्यात शिफ्टला असतात. रात्रपाळी करून झोपले की फोन उशाशीच. तिसरा नंबर निफाडजवळच्या गावात राहणाऱ्या आजीचा. तिच्याकडे बटणांचा फोन. नातवाने फोन करायचा, ‘आजी, आकडे आलेत ना, ते वाच बरं.’ आजीने चष्मा शोधून एकेक आकडा वाचून दाखवला, वर ‘जेवला का रे?’ हेही विचारलं. तोच नंबर तिच्या बँक खात्याला जोडलेला. हे ऐकून आईचा चेहरा उतरला आणि मुलाचं हसूही गेलं. शिव्यांपेक्षा मला हे जास्त गंभीर वाटलं. फोनवरून कुणी मागितला की ओटीपी सांगायचा, ही सवय आजीला नातवानेच लावली होती.

मुलाशी एकट्याने बोलले. ‘तू शिव्या का देतोस’ असं विचारलं की मुलं खांदे उडवतात, म्हणून म्हटलं, ‘शेवटची मॅच सांग, पहिल्यापासून.’ मग तो सुटलाच. स्क्वॉडमध्ये, म्हणजे गेममधल्या त्याच्या संघात, वर्गातलीच तीन मुलं. हा नॉक झाला, म्हणजे जखमी होऊन पडला, त्यांनी रिव्हाइव्ह केलं नाही, म्हणजे उठवलं नाही, उलट माइकवर त्याच्या बोलण्याची नक्कल केली. दोन वर्षांपूर्वी गावाहून नाशिकला आला तेव्हापासून वर्गात त्याला ‘गावठी’ म्हणतात. गेममध्ये पहिली शिवी घातली तेव्हा ती मुलं गप्प झाली. पुढे अनोळखी लोकांवरही तोच उपाय चालू झाला.

यावर कुठला नंबर काय करणार? माझं मत विचाराल तर, मुद्दाम छळायला येणाऱ्यांना या सक्तीने थोडा चाप बसतो, दुखावलेल्या पोराला नाही. आणि ओळखीच्या सक्तीची किंमतही असते. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या नावाची सक्ती केली, २०११ मध्ये तिथे एका सायबर हल्ल्यात साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती सक्तीच रद्द केली.

आम्ही ठरवलं ते असं. आयडी एकच, बाबांच्या नंबराचा, खरं वय घालून. बॅनची मुदत आहे तेवढे दिवस थांबायचं, नवा आयडी काढायचा नाही. नॉक झालं की माइक बंद. त्या तिघांना म्यूट करायचं आणि स्क्वॉड दुसरा शोधायचा. वर्गातल्या चिडवण्याबद्दल आई वर्गशिक्षिकांना भेटली. बाबांनाही मी बोलावलं होतं. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये ते गाडीत काय काय बोलतात, ते मुलाने त्यांच्यासमोरच सांगितलं. बाबा ओशाळले. आई मात्र खो खो हसली.

आजीला फोन करून ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, हे मुलानेच समजावलं. तिने ते इतकं मनावर घेतलं, की पुढच्या खेपेला सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही कोड सांगेना.

तुमच्या घरी हाच प्रश्न असेल तर नंबर द्यायला हरकत नाही, फक्त तो आई किंवा वडिलांचा असावा आणि ओटीपी त्यांनी स्वतः घालावा. गेममधल्या चॅटवर कुणी नंबर मागितला तर द्यायचा नाही. ओटीपीमुळे पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

त्या मुलाचा माइक मध्ये पुन्हा एकदा बंद झाला. या वेळी त्याने ते घरी आपणहून सांगितलं आणि आजीचा नंबर मागितला नाही. शाळेतलं चिडवणं कमी झालंय, थांबलेलं नाही, म्हणून तो अजून माझ्याकडे येतो.